इग्निशनमध्ये चावी तुटली, तुकडा आतच आहे, ओढून येईना. क्रम सांगा

तेरणाकाठ · सकाळी ९:१२

जुनी हॅचबॅक, हातगिअरची. चावी साधी, दोन्ही कडांना दाते असलेली. गाडी अंबाजोगाईत घरासमोर उभी आहे. फिरवताना मूठ हातात आली आणि पातं आत राहिलं. तुकडा बॅरलच्या (म्हणजे इग्निशनच्या कुलपाच्या) तोंडापासून अंदाजे १ मिमी आत आहे. दिसतो, पण धरता येत नाही. चिमट्याने बराच वेळ ओढून पाहिला, जागचा हलेना.

घरात डब्ल्यूडी-४०, नोज प्लायर, टेस्टर आणि फेविक्विक एवढं आहे. दुसरी चावी पण आहे. आधी काय, मग काय, ते सांगा. मुठीला फेविक्विक लावून तुकड्याला चिकटवायचं आणि ओढायचं, असे व्हिडिओ लई फिरायलेत. तसं करावं काय?

हुरडापार्टी · ९:१५

फेविक्विकची ट्यूब आधी शेजाऱ्याला देऊन टाका. मग बोलू.

बालाघाट · ९:२१

साध्या चिमट्याचं टोक जाड असतं, खाचेत चावीच्या बाजूने शिरतच नाही. त्यापेक्षा फ्रेटवर्कच्या (लाकडातल्या बारीक नक्षीकामाच्या) करवतीची पाती आणा. साधारण १ मिमी रुंद आणि अर्धा मिमी जाड असतात, हार्डवेअरच्या दुकानात जुडीने मिळतात. जाड जिगसॉ ब्लेड आणू नका, ते ग्राइंडरवर बारीक केल्याशिवाय आत जात नाही. पात्याचे दात आपल्याकडे झुकलेले पाहिजेत. नखाने चाचपून बघा: आत सारताना गुळगुळीत, बाहेर ओढताना अडकलं पाहिजे. चावीच्या दात्यांच्या कडेने १०-१५ मिमी आत सारा, किंचित पिळा आणि सरळ ओढा.

पेचकस · ९:३३

बालाघाट भाऊंनी सांगितलेलं बरोबर आहे, पण ते तिसऱ्या पायरीवरचं. तेरणाकाठ, ओढणं थांबवा आणि एवढंच सांगा: चावीची खाच आत्ता कुठल्या खुणेसमोर आहे? लॉक, एसीसी (इंजिन बंद, फक्त रेडिओसारखी उपकरणं चालू) की ऑन?

तेरणाकाठ · ९:४०

एसीसीसमोर. रेडिओचा दिवा लागलेला आहे.

पेचकस · ९:५८

मग दिवसभर ओढलं तरी येणार नाही. चिमट्याचा दोष नाही आणि तुमच्या जोराचाही नाही.

आतली रचना बघा. बाहेर एक स्थिर नळी, तिच्या आत फिरणारा पितळी गाभा. गाभ्यात आडव्या पातळ पत्त्या बसवलेल्या असतात, प्रत्येकीला मधोमध चौकोनी खिडकी आणि बाजूला केसासारखी स्प्रिंग. चावी या सगळ्या खिडक्यांतून आरपार जाते. काही पत्त्या स्प्रिंगने वर रेटलेल्या, काही खाली. बरोबर चावी पूर्ण आत गेली की सगळ्या पत्त्यांची टोकं गाभ्याच्या अंगाशी सपाट होतात आणि गाभा फिरतो.

चावी बाहेर काढताना काय होतं? दात्याचा उंचवटा पत्तीखालून सरकतो, पत्तीला वर-खाली व्हावं लागतं. त्यासाठी नळीला समोरासमोर दोन नाळी कोरलेल्या असतात, आणि पत्त्या त्या नाळींसमोर फक्त लॉकवर येतात. एसीसीवर किंवा ऑनवर प्रत्येक पत्तीच्या टोकाला नळीची भिंत टेकलेली असते. पत्ती हलायला जागाच नाही, म्हणून चावी निघत नाही. अख्खी चावीसुद्धा ऑनवर ओढून निघत नाही, ते रोजच बघता की. तुटक्या तुकड्याला वेगळा कायदा कशाला असेल?

म्हणून आधी फिरवून लॉकवर आणायचं, मग ओढायचं. तुकडा पूर्ण आत असताना तुटला आहे, म्हणजे पत्त्या आत्ता सपाट आहेत. गाभा फिरणारच. मुठीसोबत उरलेलं पात्याचं टोक खाचेत ३-४ मिमी तरी शिरत असेल तर तेच घालून फिरवा. शिरत नसेल तर अडीच-तीन मिमी रुंदीचं चपटं टेस्टर खाचेच्या तोंडात बसवून फिरवा. तुकड्यावर जोर द्यायचा नाही, गाभ्याच्या खाचेवर द्यायचा.

हुरडापार्टी · १०:०४

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते हायत. कुलपाला एकच, अन् तो बी ठरल्या टायमालाच उघडा असतो.

मोसंबी · १०:११

त्याआधी बॉनेट उघडा. एसीसीवर गाडी पडून राहिली की बॅटरी बसते, आणि ऑनवर अडकली असती तर आणखी लवकर बसली असती. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह सोडा, पॉझिटिव्हला हात लावायची गरज नाही. सोडलेली केबल कापडात गुंडाळून बाजूला सारा, परत टेकू देऊ नका. काही गाड्यांचा म्युझिक सिस्टीम बॅटरी सुटली की कोड मागतो, तो कागद आधी शोधून ठेवा.

आणि टेस्टर म्हणजे तो दिवेवाला नको, प्लास्टिकच्या दांड्याचा. फिरवताना तो पिळवटतो. साधा पोलादी छोटा स्क्रू ड्रायव्हर घ्या.

अंधारी · १०:१९

दुसरी चावी आहे म्हणतात ना? तीच मागून घालून तुकडा पुढे ढकलला तर?

पेचकस · १०:२४

पुढे कुठे? तुकडा आधीच शेवटच्या टेकूला टेकलेला आहे, पलीकडे दार नाही. दुसरी चावी फार तर तोंडाशी अडकते. अर्धवट आत असताना तुटलेली असती तर ढकलल्याने आणखी खोल गेली असती, म्हणजे नुकसानच. दुसरी चावी ठेवा, तुकडा निघाल्यावर कुलूप तपासायला लागेल.

बालाघाट · १०:३०

फिरवायचं मान्य. पण सगळ्याच गाड्यांत एसीसीवरून लॉकवर नुसतं फिरवून जात नाही. बऱ्याच हातगिअरच्या गाड्यांत तिथे चावी आत दाबून फिरवावी लागते, चालत्या गाडीत स्टिअरिंग लॉक पडू नये म्हणून. काहींना बॅरलच्या शेजारी छोटं बटण असतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी (पार्किंग) वर असल्याशिवाय लॉकवर जातच नाही. लोक जोर लावतात आणि गाभ्याचं तोंड सोलून बसतात.

पेचकस · १०:३३

बरोबर, हे मी विसरलो होतो. दाबताना स्क्रू ड्रायव्हरने गाभाच आत दाबायचा, तुकडा नाही. दाबला की एक-दोन मिमी आत जातो, तसाच धरून डावीकडे. आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग हळू डावं-उजवं हलवा. कुलपाच्या दांडीवर स्टिअरिंगचा ताण असेल तर गाभा फिरताना जड लागतो.

गोदाताई · १०:४७

तेलाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून सांगते. डब्ल्यूडी-४० चालेल, पण नळी लावून एक-दोन छोटे फवारे. जायकवाडीचे २७ दरवाजे उघडल्यासारखं सोडू नका. बॅरलच्या मागच्या टोकाला इग्निशनचा विजेचा स्विच असतो. सगळी काळी घाण वाहून त्याच्या पॉइंटवर बसली तर आठवड्याने गाडी सेल्फ घेईनाशी होते, आणि मग बॅटरी बदलली जाते, स्टार्टर उघडला जातो, दोष मात्र तिसरीकडेच असतो.

आधी पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप नाहीतर फुंकणी, म्हणजे सुटी धूळ निघेल. मग फवारा. मग पाच मिनिटं थांबा. खोबरेल, मोहरीचं तेल, इंजिन ऑइल काहीच नको. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या बाजूला असेल तर कापसाची लव, तेलात मिसळून पत्त्यांमध्ये लगदा होतो.

बालाघाट · १०:५२

मग डब्ल्यूडी-४० तरी कशाला? कुलपाला ग्राफाइट. पेन्सिलीचं शिसं किसून घाला, कोरडं राहतं, धूळ धरत नाही.

गोदाताई · ११:०१

रोजच्या निगेला ग्राफाइट चांगलंच. पण अडकलेला तुकडा काढताना ते आत पोचवणार कसं? खाचेत चावीच भरलेली आहे. फवारा फटीतून शिरतो, भुकटी शिरत नाही. आणि पेन्सिलीत नुसतं ग्राफाइट नसतं, मातीही असते. जेवढी पेन्सिल कडक तेवढी माती जास्त. वापरायचीच तर ६बी सारखी मऊ घ्या. दोन्ही मात्र एकत्र करू नका. ओल्या बॅरलमध्ये ग्राफाइट घातलं की काजळाची डबी तयार होते.

बालाघाट · ११:०३

हं. एवढं मान्य.

हुरडापार्टी · ११:०५

बालाघाट मान्य म्हणले, स्क्रीनशॉट काढून ठिवा रे.

मांजरा_पूल · ११:१४

उन्हाने धातू फुगून चावी अडकते असं ऐकलंय. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे गाडीत तर भट्टी असते. संध्याकाळी गार झाल्यावर आपोआप सैल होईल का?

पेचकस · ११:२६

हिशेब करा. पितळ अंशामागे स्वतःच्या जाडीच्या दहा लाखांत १९ भाग फुगतं. पातं २ मिमी जाड धरा आणि तापमान ४० अंशांनी चढलं धरा. वाढ झाली ०.००१५ मिमी. केसाच्या जाडीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढीही नाही. वर गाभाही त्याच बरोबर फुगतो. उन्हाने चावी अडकत नाही. उन्हाने मुठीचं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि फेविक्विक लवकर पकडतं, एवढंच.

अंधारी · ११:३०

फेविक्विकचा विषय निघालाच आहे तर नीट सांगा. का नको? काडीला एक थेंब लावला, तुकड्याला टेकवला, ओढला. चालायला पाहिजे ना?

पेचकस · ११:४४

तुकड्याचं जे टोक समोर दिसतं ते साधारण २ मिमी बाय ७-८ मिमी. तेही सपाट नाही, मोडलेलं, आणि तेलाने माखलेलं. तेलावर फेविक्विक धरत नाही. उलटं, तो द्रव पाण्यासारखा पातळ असतो आणि बारीक फट दिसली की आपसूक तिच्यात ओढला जातो. तोंडाजवळची पहिली पत्ती आणि गाभा यांच्यात अशीच फट असते. म्हणजे तुकडा काडीला चिकटणार नाही, पत्ती गाभ्याला चिकटेल. एक पत्ती जाम झाली की बरोबर चावीनेही कुलूप फिरत नाही.

कुणी आधीच हा उद्योग केला असेल तर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन असलेलं द्रावण, ड्रॉपरने थेंब थेंब, भोवतीच्या प्लास्टिकला आधी टेप लावून. ॲसिटोनने स्टिअरिंगखालचं कव्हर पांढरं पडतं. दर दहा मिनिटांनी एक थेंब, तासभर. तरी खात्री नाही.

सीना_नदी · ११:५०

लोहचुंबक?

गोदाताई · ११:५३

मुठीकडच्या तुकड्याला चुंबक लावून बघा, उत्तर तिथेच मिळेल. बहुतेक चाव्या पितळेच्या नाहीतर निकेल मिसळलेल्या पितळेच्या, त्यांना चुंबक ओढत नाही. पोलादी असली तरी सहा-आठ स्प्रिंगांच्या दाबाला टाचणी उचलायचं चुंबक पुरत नाही.

मोसंबी · १२:०८

एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. तुकडा आत आहे तोवर ती गाडी कुलपाची नाही. पत्त्या सपाट आहेत, म्हणजे कुणीही साध्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवू शकतो. इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) नसलेली जुनी गाडी असेल तर स्टार्टही होईल. रात्र काढायची असेल तर बॅटरीची निगेटिव्ह सोडून ठेवा. पण आधी दारं दुसऱ्या चावीने लावा, नंतर नाही. बॅटरी सुटल्यावर सेंट्रल लॉक चालणार नाही, एकेक दार हाताने लावावं लागेल.

इमोबिलायझर असेल तर याच गोष्टीचा उलटा उपयोग होतो. चिप पात्यात नसते, मुठीत असते. बॅरलच्या तोंडाभोवती तारेचं कडं असतं, ते त्या चिपला १२५ किलोहर्ट्झच्या आसपास वीज देतं आणि तिचा आकडा वाचतं. चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही. मूठ कड्याला टेकवून धरा आणि गाभा स्क्रू ड्रायव्हरने स्टार्टवर न्या, गाडी चालू होते. रस्त्यात मध्येच तुटली आणि गॅरेज गाठायचंय, तर हा मार्ग आहे. मात्र गाडी चालत असताना गाभा लॉककडे अजिबात नेऊ नका. स्टिअरिंग लॉक पडलं तर पुढचं वळण सरळ शेतात.

हुरडापार्टी · १२:१२

ट्रॅक्टरवाल्यांला ह्यो धागा दाखवू नका. तिथं एकाची चावी चार जणांला लागती, तुटली तर शेजाऱ्याची आणायची. इमोबिलायझर म्हंजे बांधावर बसलेला म्हातारा.

सीना_नदी · १२:१५

स्कूटीला असंच होतं का?

मोसंबी · १२:१८

रचना तीच. फक्त तिथे चुंबकाची झडप असते ती तुकड्यामुळे बंद होत नाही, पाऊस आत जातो. वर चिकटपट्टी लावा. पुढचं दुसऱ्या धाग्यात बोलू, इथे गाडी अडकली आहे.

तेरणाकाठ · १२:४१

बॅटरी सोडली. मुठीचं टोक २ मिमीच उरलंय, धरत नव्हतं. ३ मिमीचा स्क्रू ड्रायव्हर लावला. नुसता फिरेना. बालाघाट भाऊंनी सांगितल्यासारखं दाबून फिरवलं तर टक् आवाज येऊन लॉकवर गेला. पण आता तोंडावर एक छोटी पत्र्याची झडप आलीय, तिने अर्धी खाच झाकली. तुकडा आता दिसायला पण कमी.

पेचकस · १२:५०

भीती नको, ती धुळीची झडप. चावी असताना बाजूला सरकलेली असते, मागे स्प्रिंग आहे. टाचणीने नाहीतर स्टेपलरच्या पिनेने बाजूला रेटून धरा. दुसऱ्या माणसाला धरायला सांगा, एका हाताने दोन्ही होत नाही. तोडू नका, नाहीतर पुढे आयुष्यभर धूळ आत.

आता बालाघाट भाऊंची पाती. एक नको, दोन लागतील. दोन्ही कडांना दाते असलेल्या चावीवर पत्त्या दोन्ही बाजूंनी दाबतात. एकाच बाजूने ओढलं तर तुकडा तिरका होऊन घट्ट बसतो. एक पातं वरच्या कडेने, एक खालच्या, दोन्हींचे दात चावीकडे. दोन्ही सारखीच आत, साधारण १५ मिमी. मग बाहेर राहिलेली दोन्ही टोकं नोज प्लायरमध्ये एकत्र पकडा आणि सरळ रेषेत ओढा. झटका नाही. दर दोन-तीन मिमीला एक अडखळा लागेल, तो म्हणजे दात्याचा उंचवटा पत्तीखाली येतोय. तिथे जोर वाढवायचा नाही, पाती किंचित डावी-उजवी हलवायची, पत्ती उचलली की पुढे सरकतं. ३-४ मिमी बाहेर आलं की पाती सोडून नोज प्लायरने थेट धरा.

डोळ्यांना चष्मा असू द्या. फ्रेटचं पातं कडक पोलादाचं असतं, वाकवलं की तुटून उडतं. आणि पात्याचा तुकडा आत राहिला तर मग खरंच चावीवाल्याला बोलवावं लागेल.

अंधारी · १:०२

नव्या गाड्यांच्या चाव्यांना कडेला दाते नसतात, पात्याच्या अंगावर नागमोडी चर असतो. तिथे करवतीचं पातं कुठे लावायचं?

गोदाताई · १:१०

कडेला लावलं तर घसरतं, तिथे पकडायला काही नाही. त्या चरातच आकडा घालायचा. बारीक पोलादी तार, टोक अर्धा मिमी नव्वद अंशांत वाकवलेलं. चरात सपाट सारायची, शक्य तितकी आत न्यायची, मग वळवून चराच्या भिंतीला अडकवायची. या चाव्या जाड असतात, सहसा तुटत नाहीत. तुटतात त्या बिजागरीच्या, म्हणजे बटण दाबून उघडणाऱ्या. तिथे पातं नाही तुटत, पातं धरणारी छोटी आडवी पिन निसटते. पातं हलायला लागलं की पिन आत ठोकून घ्या, खर्च नाही.

बालाघाट · १:१५

आणि हे सगळं करून नाहीच निघाला तर? चावीवाल्याला विचारा, तो बॅरल उतरवायचं म्हणतो. ते घरी होतं का, हेही सांगून टाका.

पेचकस · १:३४

होतं, पण आधी नीट ऐका. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आधीच्याही कित्येक गाड्यांत होतीच. बॅटरीची निगेटिव्ह सोडल्यावर गाडीच्या पुस्तकात दिलं असेल तेवढं थांबा, एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ वीज साठून राहते. स्टिअरिंगखाली पिवळ्या वेष्टनाच्या वायरी दिसल्या तर त्यांना आणि त्यांच्या कनेक्टरला हात लावायचा नाही. स्टिअरिंगचं चाक काढायची गरज नाही.

कॉलमचं प्लास्टिक कव्हर दोन तुकड्यांचं, खालून स्क्रू. स्क्रू निघाल्यावर खाचा बोटाने दाबत दोन्ही अर्धे सोडवा. बॅरलच्या तोंडावरचं कडं हळू उपसा, त्याची वायर नाजूक असते. मग नळीच्या अंगावर २-३ मिमीचं भोक शोधा. गाभा परत एसीसीवर आणा, त्या भोकातून पिन किंवा बारीक खिळा दाबा, आतली अडकण दबते आणि अख्खं बॅरल पुढे येतं. एसीसीवर नसेल तर ती अडकण दबत नाही. बॅरल फडक्यात गुंडाळून शिकंज्यात हलकं धरा, लॉकवर आणा, तोंड खाली करून लाकडाच्या ठोकळ्यावर आपटा. बहुतेक वेळा तुकडा आपल्याच वजनाने घसरत येतो.

भोकच नसेल, आणि सगळा कप्पा दोन गोल डोक्याच्या बोल्टने कॉलमला आवळलेला असेल, तर थांबा. त्या बोल्टांची डोकी घट्ट करतानाच तुटावीत अशी केलेली असतात. छिन्नीने फिरवून किंवा ड्रिल मारून काढावे लागतात, आणि परत बसवायला नवे बोल्ट लागतात. ते घरचं काम नाही.

हुरडापार्टी · १:३७

'ते घरचं काम नाही' हे वाक्य पेचकस भाऊंकडून ऐकायला दोन पानं वाचावी लागली.

तेरणाकाठ · २:२२

निघाला.

पाती मिळायला वेळ लागला, काढायला दोन-तीन मिनिटंच. दोन्ही बाजूंनी पाती, नोज प्लायर. चार ठिकाणी अडखळला, हलवत गेलो. शेवटी आपसूक सुळकन आला. पहिल्या फेरीत एकच पातं लावून बघितलं होतं, तेव्हा खरंच तिरका झाला. तुकडा ३१ मिमी आहे. दुसऱ्या चावीने कुलूप फिरतंय, थोडं जड.

बरोबर मुठीच्या बाजूच्या सगळ्यात खोल दात्याच्या तळाशी तुटलीय. दोन्ही तुकडे जोडून ठेवलेला फोटो खाली टाकलाय. या दोन्हींवरून नवी चावी करून घेऊ काय?

गोदाताई · २:३८

सगळ्यात खोल दात्यापाशीच तुटते. तिथे पातं सगळ्यात अरुंद, आणि पिळ सगळा तिथे येतो. मोडलेलं टोक भिंगाखाली बघा. अर्धा भाग काळपट आणि अर्धा चकचकीत असेल, तर काळपट भाग आधीपासूनच चिरलेला होता.

या तुकड्यांवरून करू नका. जोडताना अर्धा मिमी इकडे-तिकडे झाला की सगळे दाते सरकतात. दात्यांच्या दोन पायऱ्यांत फरकच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. शिवाय ती झिजलेली आहे. झिजलेल्यावरून नक्कल केली की झीजही नक्कल होते, तिच्यावरून तिसरी केली तर आणखी. गाडी घेताना चाव्यांसोबत एक छोटी पट्टी मिळते, तिच्यावर आकडा कोरलेला असतो. त्या आकड्यावरून कापलेली चावी म्हणजे कारखान्यातली मूळ मापं. पट्टी हरवली असेल तर कमी वापरलेल्या दुसऱ्या चावीवरून करा. आरसी सोबत न्या, डिजिलॉकरमधली दाखवा. कागद न बघता चावी करून देणारा तुमची चावी दुसऱ्यालाही करून देईल.

कोऱ्या चावीचं पातं हातात वाकवून बघा, मऊ लागलं तर घेऊ नका. जुनी मूठ फोडून तिच्यातली चिप नव्या मुठीत बसवता येत असेल तर प्रोग्रॅमिंगचा खर्च वाचतो. आणि जुडगा हलका करा. घर, दुकान, तिजोरी, वर पितळी गणपती, एवढं वजन खड्ड्यातून गाडी जाताना त्याच दात्यावर हेलकावे खातं.

मोसंबी · २:४४

विम्यात चावी बदलून मिळण्याचं जास्तीचं कलम घेतलेलं असेल तर पावती आणि तुकडे ठेवा. आणि तुकडे तसेही टाकू नका. गाडी चोरीला गेल्यावर विमावाले दोन्ही मूळ चाव्या मागतात. 'एक तुटली होती' हे नुसतं सांगून भागत नाही.

जड लागतंय ते बहुतेक स्टिअरिंगच्या ताणामुळे. फिरवताना दुसऱ्या हाताने चाक हलवा. तरी जड राहिलं तर पत्त्यांमध्ये पितळेचा कीस असेल, हवा मारा. जोर लावून दुसरी पण तोडू नका.

पेचकस · २:४७

तेरणाकाठ, तो फोटो आधी इथून काढून टाका. जोडलेली चावी सरळ वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, एकेक दाता स्पष्ट. एवढ्यावरून चावी कापता येते. गाडी अंबाजोगाईत घरासमोर आहे, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

तेरणाकाठ · २:४९

काढून टाकला. मोजपट्टी ३१ मिमी दाखवायला ठेवली होती हो.

हुरडापार्टी · २:५१

आता नुसत्या मोजपट्टीचा टाका. चोराला बी कळू द्या, काम मापात झालंय.